कव्हरवरची सही

तिरुवल्लिकेणी
चेन्नई, रविवार, ८ जून

तनू,

काल दुपारी पावणेतीनला सगळं संपलं. चाकणहून आलेल्या त्या टकल्या गृहस्थानं प्रदर्शनातल्या तुमच्या स्टॉलवरून ब्रोशर उचललं, पान सात उघडलं, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाला, "अहो, हे हिंदी कुठंय? ही तर मराठी आहे!" आणि मोठ्यानं वाचायलाच लागला.

मी दहा पावलांवर होतो. हातात जादा प्रतींचं खोकं. खोकं पोचवायला टेम्पोवाला पुरला असता. मी आलो कारण तू तिथं असणार होतीस, एवढं कबूल करतो.

वर ठळक अक्षरात 'गुणवत्ता हमारा संकल्प', आणि त्याखाली त्याचा तो भसाडा आवाज: "तनू, तू फोन उचलत नाहीस म्हणून जागा मिळेल तिथं लिहितोय. इथं एकशे ऐंशी शब्दांची जागा आहे..." तुझे राजगोपाल सर हसऱ्या चेहऱ्यानं पुढं झाले. त्यांना वाटलं, गिऱ्हाईक ब्रेकच्या सुट्या भागांबद्दल काहीतरी विचारतंय. मग चाकणवाल्याबरोबरची ती दोन पोरं हसायला लागली आणि एकानं तुझ्या छातीवरच्या बिल्ल्याकडे बोट दाखवलं. बिल्ल्यावर तुझं नाव.

तू त्याच्या हातातून ब्रोशर काढून घेतलंस. ओढलं नाहीस. नुसतं घेतलंस, मिटलंस आणि म्हणालीस, "काका, दुसरी प्रत देते." तुझा आवाज अजिबात हलला नाही. मी मात्र खोकं तिथंच टाकून पळालो.

मुद्दाम केलं नाही गं. घडलं कसं ते सांगतो.

प्रेसमध्ये पानं जुळवताना, मजकूर येईपर्यंत त्याची जागा कशानं तरी भरून ठेवावी लागते. बाकीचे इंग्रजी अक्षरातलं कसलंतरी अगम्य टाकतात. पण त्यानं देवनागरीचा अंदाज येत नाही. आपल्या मात्रा वर चढतात, उकार खाली लोंबतात, दोन ओळींत जागा जास्त लागते. तुमच्या दिल्ली ऑफिसकडून हिंदी मजकूर यायला तीन आठवडे लागणार होते. मग मीच लिहिलं, जागेपुरतं. प्रेसमध्ये देवनागरी वाचणारे आम्ही दोघंच: मी आणि रावकाका. पद्मनाभ राव, आमचे प्रूफवाले, तंजावरकडच्या मराठी घरातले. बाकी सगळ्यांना ती वरून टांगलेली अक्षरं सारखीच दिसतात.

रावकाकांनी ते पान पाहिलं होतं. लाल पेनानं तपासलंसुद्धा! "'तूला'तला तू ऱ्हस्व, प्पा. 'तुझ्याशीवाय' म्हणे! शि पहिली. अस्कीं, सगळें शुद्ध केलें मीं. आतां काढ तें. छापाआधीं काढ." मी हो म्हणालो. म्हणजे काल जे वाचलं गेलं त्यात शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. हसू नकोस. नाहीतर हस, वेडाच आहे मी.

हिंदी मजकूर आला, मी तो नव्या फाइलमध्ये बसवला. नेमकी त्याच आठवड्यात रावकाकांच्या बायकोच्या, अंबुजाकाकूंच्या, डोळ्याची शस्त्रक्रिया होती, ते रजेवर. छापण्याआधी मंजुरीसाठी काढतात ती नमुना-प्रत, डमी, तुझ्याकडे पाठवली ती जुन्या फाइलवरून निघाली. तू कव्हरवर सही केलीस आणि मला निरोप टाकलास: "तू पाहिलंस ना सगळं? मग झालं."

जानेवारीपासून तू माझ्याशी बोललेलं हे पहिलं साधं वाक्य, तनू. मी ते किती वेळा वाचलं सांगू? त्या नादात डमी उघडलीच नाही. सरळ छपाईच्या प्लेटला दिलं.

फोन नको उचलूस. फक्त हे पत्र वाच. कालपासून तू ऑनलाइन सगळीकडून मला बंद केलंयस, म्हणून हॉस्टेलच्या पत्त्यावर टाकतोय.

गंधार


तिरुवल्लिकेणी
मंगळवार, १० जून

तनू,

तुमच्या कंपनीच्या ड्रायव्हरकडून कळलं, तुला घरी बसायला सांगितलंय. चौकशी होईपर्यंत. कसली चौकशी? एक पान चुकलं, माणूस मेला नाही कुठं!

उद्या राजगोपाल सर आमच्याकडे येणार आहेत. आमचे मालक विजयकुमार सर सकाळपासून खुशीत आहेत, आणि मला त्यांचा गळा धरावासा वाटतोय. त्यांनी तुझी सही असलेली डमी कपाटातून काढून टेबलावर ठेवली आणि तिच्यावर थाप मारली. "एन्नप्पा गंधार, घाबरतोस कशाला? सही कुणाची? गिऱ्हाइकाची. सही झाली की चूक गिऱ्हाइकाची. आपल्या प्रत्येक कोटेशनच्या तळाशी छापलंय."

"पण सर, मजकूर मी लिहिला होता."

"तू काय लिहिलंस ते मला वाचता येत नाही," ते म्हणाले. "मला सही वाचता येते."

म्हणजे उद्या ते राजगोपालना कव्हर दाखवणार, पान सात उघडणार, आणि तू संपणार. सप्टेंबरात तुझी नोकरी कायम होणार होती ना? आईला तसं कळवूनही झालं होतं तुझं. हे मला कसं माहीत ते विचारू नकोस.

रावकाका आज कामावर आले. सगळं ऐकून खुर्चीत बसले आणि बराच वेळ चष्मा पुसत राहिले. "कव्हरावर एक सही घेतलीस? सोळा पानांस सोळा सह्या. किती वेळा सांगितलें तुज?"

"घाई होती काका."

"कोणास घाई? तिला का तुला?"

मी माझ्या कॉम्प्युटरकडे वळलो.

परवाच्या पत्रात एक गोष्ट लिहिली नाही. तू सगळं पान वाचलं असशील, तेव्हा लपवून उपयोग नाही. शेवटच्या परिच्छेदात तुझ्या ऑफिसातल्या कार्तिकेयचं नाव आहे. 'त्याच्या गाडीवरून उतरताना तू त्याच्या खांद्यावर हात ठेवलास, तसा माझ्या खांद्यावर कधी ठेवला नाहीस.' चाकणवाला तिथवर पोचला नाही, पण तीन हजार प्रती आहेत, कुणीतरी पोचलंच असेल. कार्तिकेयची बायको पुण्याची आहे, मराठी वाचते, हे मला काल कळलं. त्याचं लग्न झालंय हेच काल कळलं. जानेवारीत कंपनीच्या फाटकापाशी मी त्याच्या गाडीची किल्ली गटारात फेकली, तेव्हा तू मला हेच सांगत होतीस बहुतेक. मी ऐकत नव्हतो.

तरीपण सांगतो, त्यानं तुला रोज सोडायचं कारण काय होतं? जाऊ दे. कापून टाकतो हे वाक्य. नाही, राहू दे.

उद्याच्या आत मी काहीतरी करणार आहे. तुझ्या केसालाही धक्का लागू देणार नाही.

गंधार


तिरुवल्लिकेणी
गुरुवार, १२ जून

तनू, तनू, तनू,

सुटलीस!

काल राजगोपाल अकरा वाजता आले. विजयकुमार सरांनी कॉफी मागवली, कपाट उघडलं, डमी काढली, कव्हरवरची तुझी सही त्यांच्या नाकासमोर धरली, आणि मोठ्या थाटात पान सात उघडलं. पानावर हिंदी. शुद्ध, कंटाळवाणं, तुमच्या दिल्लीवाल्यांचं हिंदी! विजयकुमार सरांना वाचता येत नसलं तरी राजगोपालना थोडंफार येतं, ते दिल्लीत शिकलेत. त्यांनी बोट फिरवत दोन ओळी वाचल्या आणि म्हणाले, "हे बरोबर आहे. मग छापलेलं वेगळं कसं?"

विजयकुमार सरांचा चेहरा बघायला हवा होतास.

कसं केलं सांगतो, आणि कुणाला सांगू नकोस, हे पत्र वाचून फाडून टाक. सोळा पानांची पुस्तिका, मधोमध दोन पिना. पान सात कुठं येतं? अगदी मधल्या कागदावर. सात, आठ, नऊ, दहा, चारही एकाच कागदाची. मंगळवारी संध्याकाळी सगळे चहाला गेले तेव्हा नखानं पिना सरळ केल्या, मधला कागद उचलला, बरोबर फाइलचा कागद त्याच भोकांतून बसवला, पिना परत वाकवल्या. पाच मिनिटांचं काम. तू सोळा पानांवर सह्या केल्या असत्यास तर जमलं नसतं. रावकाकांचा नियम मोडला म्हणून बरं झालं!

म्हणजे आता कागदावर असं दिसतं: तू बरोबर डमी पाहिलीस, बरोबर सही केलीस, चूक प्रेसची. विजयकुमार सरांनी नंतर माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलंय. कळू दे.

मी कॉलेज तुझ्यासाठी सोडलं, कराड सोडलं, या मॅन्शनच्या, म्हणजे एकट्या पुरुषांच्या लॉजच्या, बारा बाय आठच्या खोलीत वर्षभर इडली खाऊन राहतोय, आणि तू म्हणायचीस, यातलं काहीच मी मागितलं नव्हतं. बरं. पण हे? हे तरी तुझ्या उपयोगी पडलं ना?

एक फोन कर. रागाचा का असेना.

तुझाच
गंधार


तिरुवल्लिकेणी
शनिवार, २१ जून

तनया,

आज तू प्रेसवर आलीस त्यानंतर मी जेवलो नाही. हे तुला वाईट वाटावं म्हणून सांगत नाहीये. खरंच जेवलो नाही.

तू गेलीस आणि मी तुझं बोलणं मनात पुन्हा पुन्हा चालवतोय. तुझ्या जागी बसून लिहून काढतो, म्हणजे कदाचित कळेल.

तू दारातून आलीस आणि मला म्हणालीस, "गंधार, तुम्ही मॉनिटर जरा इकडे फिरवता का?"

तुम्ही. मला वाटलं मागं कुणी उभं आहे.

नव्या छपाईची डमी समोर ठेवली होती. रावकाका एका बाजूला, तू दुसऱ्या. तू कव्हरपासून सुरुवात केलीस. प्रत्येक पान वाचलंस. नुसतं पाहिलं नाहीस, ओठ हलवत वाचलंस, आकडे बोटानं तपासलेस, पान झालं की खाली सही आणि तारीख. पान सातशी आलीस तेव्हा तुझा हात थांबला. मग तू तेही वाचलंस, पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत, आणि सही केलीस. सोळा पानांना पाऊण तास. त्या पाऊण तासात तू एकदाही वर पाहिलं नाहीस. एका पानावर एक शब्द चुकला होता, तो रावकाकांकडून सुटला होता, तू धरलास. "भले!" रावकाका म्हणाले. "ही पोर प्रूफात पाहिजे होती."

मग ते डमी घेऊन आत गेले. मला वाटतं मुद्दाम गेले.

तेव्हा तू 'तू'वर आलीस. "तुझी तिन्ही पत्रं मिळाली," म्हणालीस.

मी म्हणालो, "मग? सुटलीस ना?"

"मी शनिवारीच सांगितलं होतं, गंधार. त्या चाकणच्या काकांना दुसरी प्रत दिली, स्टॉलच्या मागे गेले आणि राजगोपाल सरांना सांगितलं, सर, मी आतलं पान न उघडता सही केली, चूक माझी. ते चिडले. चार दिवस घरी बस म्हणाले. एक लेखी ताकीद मिळाली असती आणि मिटलं असतं. मिटत आलं होतं."

तू पुढं बोलत राहिलीस.

"आणि बुधवारी सर इथं येतात, बघतात तर माझी सही असलेली डमी स्वच्छ! मग त्यांनी काय समजायचं? मी म्हणते पान चुकीचं होतं, डमी म्हणते बरोबर. पानावर माझं नाव, प्रेसमध्ये माझा जुना मित्र. त्यांना वाटलं आपण दोघांनी मिळून केलं. गुरुवारी मला कंपनीत बोलावलं. तीन माणसं समोर. कधीपासून ओळख, किती जवळची, कॉलेजमध्ये काय होतं, फाटकापाशी तमाशा कुणी केला. कार्तिकेयला बाहेर बाकावर बसवलं होतं. सगळं सांगितलं मी. माझ्या आईला जे माहीत नाही ते त्या तीन माणसांना माहीत आहे आता."

"पण मी तुझ्यासाठी..."

"नाही," तू म्हणालीस. आवाज चढवला नाहीस. चढवला असतास तर बरं झालं असतं. "माझ्यासाठी नाही केलंस. माझ्यावर केलंस. कायमच. कॉलेज सोडलंस, तेव्हा मी नको म्हणत होते. इथं आलास, तेव्हा विचारलं नाहीस. सगळं आधी करायचं आणि मग माझ्या नावावर टाकायचं."

मग तू सांगितलंस की शनिवारी तिसरं पत्र मिळालं. तू ते फाडलं नाहीस. सोमवारी त्यांच्यापुढे ठेवलंस, एकेका वाक्याचं इंग्रजी करून सांगितलंस. पिना, मधला कागद, भोकं, सगळं. 'सुटलीस!' हेसुद्धा. त्यावर ती चौकशी बंद झाली. माझ्या पराक्रमानं नाही, तो मी फुशारकीनं लिहून पाठवला म्हणून.

"तनू, तनू, तनू हे पण वाचून दाखवलंस?" मी विचारलं. कसला मूर्ख प्रश्न. पण तोच सुचला.

"ते एकदाच म्हटलं," तू म्हणालीस.

दारापाशी वळून म्हणालीस की चाकणच्या प्लँटला बदली मागितली होती, ती मिळाली. पुढच्या शनिवारची दुपारची गाडी. "स्टेशनवर येऊ नकोस. लिहू नकोस. आणि माझ्यासाठी काही करू नकोस." मग रावकाका बाहेर आले आणि तू त्यांच्या पाया पडलीस. त्यांनी कधी नव्हे ते तमिळ सोडून आणि तंजावरची मराठी सोडून, नुसता हात ठेवला डोक्यावर.

हे पत्र टाकू का नको, कळत नाही. लिहू नकोस म्हणालीस. टाकू नकोस असं म्हणाली नाहीस.

बघ, अजून पळवाटा शोधतोय.

गं.


तिरुवल्लिकेणी
शनिवार, २८ जून

तनया,

मागचं पत्र टाकलं नाही. हेही टाकणार नाही. तरी लिहितोय, कारण जे लपवलं ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय श्वास खाली जात नाही, आणि मला दुसरं कुणी नाही.

कॉलेज मी तुझ्यासाठी सोडलं नाही. पाचव्या सेमिस्टरचे चार विषय राहिले होते. तुला एकच सांगितला होता. तू चेन्नईला गेलीस आणि मी वर्गात बसून खालच्या वर्गातल्या पोरांबरोबर तेच गणित परत सोडवायचं, या विचारानं मला घाम फुटायचा. बाबांना काय सांगू कळेना. मग मला एक छान कारण मिळालं. प्रेमासाठी शिक्षण सोडलेला मुलगा, नापास झालेल्या मुलापेक्षा दिसायला बरा असतो. ते कारण मी बाबांना दिलं, मित्रांना दिलं, तुला दिलं, आणि मग स्वतःच त्यावर विश्वास ठेवला. माझ्या आईनं तुझ्या आईला फोन करून किती ऐकवलं ते तू मला कधी सांगितलं नाहीस. आईनं काल सांगितलं. वर्षभर तू माझ्या नापास होण्याचं ओझं वाहिलंस आणि तुला माहीतही नव्हतं.

आणि ती डमी. मी पहिल्या पत्रात लिहिलं की उघडलीच नाही. उघडली होती. तुमचा ड्रायव्हर डमी परत घेऊन आल्यावर कव्हरवरची तुझी सही पाहिली, मग चाळली. पान सात अर्धवट दिसलं. माझंच अक्षर न् अक्षर, ओळखू येणार नाही का? एक क्षण वाटलं, तनूनं हे वाचलंय. वाचलंय आणि तरी सही केलीय. छापू दे म्हणालीय. इतका वेडेपणा माणसाच्या डोक्यात येऊ शकत नाही, पण माझ्या आला. मग मी मिटली आणि स्वतःला म्हणालो, नाही, बरोबर फाइलच गेली असणार, मला भास झाला. आणि प्लेटला दिलं. विसरलो नव्हतो. विचारायची हिंमत नव्हती. विचारलं असतं तर तू हिंदी पान टाक म्हणाली असतीस, आणि तो एक क्षण गेला असता.

म्हणजे मुद्दाम केलं का? मला माहीत नाही. हे वाक्य तीनदा खोडून चौथ्यांदा लिहितोय.

मंगळवारी हे सगळं विजयकुमार सरांना सांगितलं. तमिळमध्ये, जमेल तसं, मध्ये शब्द अडला की रावकाका पुरवत होते. सर ऐकत राहिले आणि म्हणाले, "डमी उघडून पुन्हा मिटलीस? तीस वर्षं छापतोय मी. चुका करणारे पाहिले, झाकणारे पाहिले. प्रूफ बघून त्यात स्वतःचं लग्न बघणारा तू पहिला." मग म्हणाले, हे काम पुरं कर आणि जा. काम काल पुरं झालं. नव्या प्रती गेल्या. राजगोपाल सरांना मी दोन ओळींचं पत्र दिलं, इंग्रजीत, की डमी मी बदलली, तनया यांना त्याची कल्पना नव्हती. ते त्यांना आधीच माहीत होतं. तरी दिलं, कारण ते तुझ्या तोंडून कळलं होतं, माझ्या नाही.

तुझी गाडी आज आहे. सकाळपासून दोनदा शर्ट घातला, दोनदा काढला. सेंट्रल स्टेशन इथून चालत पाऊण तासावर. बस मिळाली तर कमी. लांबून बघता येईल, खांबाआडून, तुला कळणारही नाही, असं डोकं सांगतंय. तुला कळणार नाही असंच तर सगळं करत आलो.

खाली रावकाका आलेत. रस्त्यावरून हाका मारताहेत, "गंधारा! ए गंधारा! अंबुजानें पान वाढलें, ऊन झालें, उतर आतां!" त्यांच्या घरी जेवायला बोलावलंय. त्यांना गाडीची वेळ माहीत आहे, म्हणून नेमकी हीच वेळ. म्हातारा पक्का आहे. सेंट्रलच्या उलट्या दिशेला घर आहे त्यांचं.

खिडकीतून ओरडून सांगितलं, आलो म्हणून.

हे कागद टेबलावरच ठेवतो. पाकीट नाही, पत्ता नाही. चप्पल घातली. ही शेवटची ओळ उभ्यानं लिहितोय, वाकडी येतेय. दार नीट लागत नाही, जोरात ओढावं लागतं.

ओढतो.